मोबाईलवर पेटी-तबला शिकताना आवाज कुठे हरवतो?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा लेखी मजकूर)



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत भजन होत नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी या भागानं जवळून ऐकली आहे. १९४२ च्या चिमूरच्या लढ्याशी त्यांच्या भजनांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. रंगमंचाजवळ ऑर्गन आणि तबला घेऊन वादक बसतात आणि रात्रभर गाणी चालतात. म्हणजे गाणं-बजावणं आपल्याला नवीन नाही.

पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. महिला भजन मंडळात गाणाऱ्या दहा-पंधरा जणी असतात आणि पेटी-तबला वाजवायला मात्र कुणातरी दादांना, काकांना बोलवावं लागतं. ते शेतावर गेले, पाहुण्यांकडे गेले, की भजन नुसत्या टाळांवर करायचं. शिकावं म्हटलं तर शिकवणारे गुरुजी तालुक्याला किंवा त्याहून लांब. एटापल्ली, भामरागड, धानोरा या भागातल्या बाईनं आठवड्यातून दोनदा शिकवणीला जायचं कसं? एसटीचं भाडं, घरचं काम, परतायला होणारा अंधार, सगळं आडवं येतं.

म्हणून अनेक जणी, अनेक मुली आता मोबाईलवर शिकू लागल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत संगीताचे वर्ग व्हिडिओ कॉलवर आले आणि पुढे ती सोय राहून गेली. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यातून एक नवी अडचण निघाली. चार-सहा महिने शिकून झाले की कुणी म्हणतं, “हिला तालच समजत नाही,” किंवा “हिचा हात बसत नाही.” मग ती बाई पेटी झाकून ठेवते. खूपदा दोष तिच्या हातात नसतो आणि कानातही नसतो. मधल्या यंत्रानं आवाज कापलेला असतो. तो कुठे, कसा कापला जातो आणि त्यावर आपण काय करू शकतो, ते आज पाहू या.

मोबाईल कशासाठी बनला?

फोन बनला बोलण्यासाठी. माणसाचा कान तरुणपणी सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू शकतो. कंपनं कमी तर आवाज जाड, खालचा. कंपनं जास्त तर आवाज बारीक, वरचा. जुन्या टेलिफोनवरून यातला ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा पाठवला जायचा. बोलणं समजायला तेवढं पुरतं. आताच्या फोर-जीच्या चांगल्या कॉलवर हा पट्टा बराच रुंद, साधारण ५० ते ७,००० पर्यंत झाला आहे. तरीही यंत्राचं सगळं लक्ष माणसाच्या बोलण्याकडेच असतं.

आता खंजिरी आठवा. तिच्यात दोन आवाज असतात. कातड्यावरची थाप खालची, जाड. कडेच्या झांजांची किणकिण वरची, अगदी बारीक. फोन मधला पट्टा नीट नेतो आणि दोन्ही टोकं छाटतो. थापेचा घुमारा जातो आणि झांजांचं नुसतं “छर्र छर्र” होतं. म्हणून फोनवरून गाणं बरं ऐकू येतं आणि खंजिरी डबा बडवल्यासारखी वाटते. बाईचा गाता गळा याच मधल्या पट्ट्यात बसतो, म्हणून तो सुखरूप पोहोचतो.

‘धा’ आणि ‘ता’ सारखेच का वाटतात?

तबल्यात उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला डग्गा. डग्ग्याचा घुमारा सेकंदाला शंभराच्या आसपासच्या किंवा त्याहून कमी कंपनांचा असतो. मोबाईलचा स्पीकर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. एवढ्याशा पडद्याला इतका जाड आवाज हलवता येत नाही. त्यामुळे तिकडे गुरुजींनी डग्गा कितीही छान घुमवला तरी इकडे फक्त “टप” ऐकू येतं.

यानं काय बिघडतं? ‘धा’ हा बोल दोन्ही हातांनी निघतो, ‘ता’ एकट्या उजव्या हातानं. डग्गा ऐकूच आला नाही तर धा आणि ता एकच. दादरा घ्या: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रांचा साधा ठेका. यातल्या ‘धी’ला डग्गा बोलतो आणि ‘ती’ला गप्प राहतो. याच फरकामुळे ऐकणाऱ्याला कळतं की आपण तालाच्या कोणत्या अर्ध्यात आहोत. भरी कुठे आणि खाली कुठे, हे डग्गाच सांगतो. फोनच्या स्पीकरवर हा फरक पुसला जातो. शिकणारी सहा महिने उजव्या हाताचा ठेका पाठ करते आणि डावा हात तसाच कच्चा राहतो. पुढे ती भजनात बसली, किंवा एखादी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला समोरासमोर बसली, की तिथे सगळ्यांना डग्गा स्पष्ट ऐकू येतो आणि ती गोंधळते. तिनं जे ऐकलंच नाही, ते तिला येणार कुठून?

यावर उपाय स्वस्त आहे. वायरचा साधा इअरफोन लावा. तो कानाला चिकटून बसतो, त्यामुळे खालचा आवाज बराच कळतो. बिनवायरचा, म्हणजे ब्लूटूथचा, इअरफोन शिकवणीला टाळलेला बरा. त्यात आवाज थोडा उशिरा येतो, आणि त्याचाच माईक सुरू झाला तर आवाज आणखी फोनसारखा चपटा होतो. काही जणी मोबाईल स्टीलच्या गंजात ठेवतात. आवाज मोठा होतो हे खरं, पण गंज स्वतःच घुमतो आणि सगळे बोल एकमेकांत मिसळतात. गाणी ऐकायला ठीक, शिकायला नाही.

दुसरा उपाय आपल्या परंपरेतच आहे. तबल्याचे बोल आधी तोंडानं म्हणायचे, ज्याला पढंत म्हणतात. माणसाचं बोलणं फोन नीट नेतो. गुरुजींनी “धा धी ना, धा ती ना” तोंडानं म्हटलं तर ‘धी’ आणि ‘ती’ तुम्हाला स्वच्छ वेगळे ऐकू येतात, स्पीकर कितीही फाटका असो. म्हणून गुरुजींना सांगा, “आधी म्हणून दाखवा, मग वाजवून दाखवा.” तुम्हीही हातानं टाळी देत बोल म्हणा आणि मगच तबल्यावर हात ठेवा.

पेटीचा सूर मधेच का विरतो?

व्हिडिओ कॉलवर पेटीचा एक सूर लांब धरला की तो हळूहळू बारीक होत जातो, कधी बंदच पडतो. भाता तर व्यवस्थित चालू असतो. हे फोनच्या हुशारीमुळे होतं. आपलं बोलणं स्वच्छ जावं म्हणून फोन मागचे आवाज दाबतो. पंख्याची घरघर, मोटारपंपाची घुरघुर. तो ओळखतो कसं? जो आवाज न बदलता एकसारखा चालू राहतो, तो त्याला बोलणं वाटत नाही. पेटीचा धरलेला सूर आणि तंबोऱ्याचा झंकार एकसारखाच असतो. फोनला तो पंखा वाटतो आणि तो सूर दाबला जातो.

बासरीचंही तसंच. नव्यानं शिकणारीच्या फुंकेत हवेची फुसफुस जास्त असते. ती ऐकूनच गुरुजी सांगतात की ओठ थोडे आत घे, फुंक बारीक कर. फोन नेमकी ती फुसफुस गाळून टाकतो आणि चूक गुरुजींपर्यंत पोहोचतच नाही.

फोन आणखी एक काम करतो. आवाज लहान असला तर वाढवतो आणि मोठा असला तर कमी करतो. बोलण्यासाठी हे सोयीचं. पण वाजवण्यात कुठे हलकं आणि कुठे जोरात, यालाच वजन म्हणतात. ते सगळं सपाट होऊन जातं. तुम्ही समेवर छान जोर दिलात तरी गुरुजींना तो दिसत नाही, आणि ते म्हणतात, “जोर दे, जोर दे.” मग तुम्ही हात आपटू लागता.

झूम या ॲपमध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती सुरू केली की आवाज गाळणं बरंच थांबतं. तुमचे गुरुजी झूमवर शिकवत असतील तर दोघांनीही ती सुरू करायची. दुसरं ॲप असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘नॉईज’ असा शब्द कुठे दिसतो का, ते घरातल्या शिकलेल्या पोराला पाहायला सांगा. काही ॲपमध्ये अशी सोय नसते. तिथे कॉलवर लांब सूर तपासायचा नाही. तो आवाज टिपून पाठवायचा. कसा, ते पुढे सांगते.

पेटीबद्दल एक गंमत सांगते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटी वाजवायला बंदी होती. मोठं कारण असं दिलं जायचं की पेटीचे सूर पक्के बसवलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. पण याच गुणामुळे पेटी मोबाईलवरून शिकायला सोपी पडते. पट्टी बरोबर दाबली की सूर बरोबरच येतो, फोन चांगला असो की वाईट. म्हणून ज्या गटाला ऑनलाईन सुरुवात करायची आहे, त्यांनी पेटीपासून केली तर बरं.

ताल चुकल्यासारखा का वाटतो?

सर्वांत जास्त मन मोडतं ते इथे. गुरुजी तिकडून ठेका देतात, तुम्ही इकडून बरोबर वाजवता, आणि गुरुजी म्हणतात, “तुम्ही मागे पडताय.”

हिशेब करू या. तुमचा आवाज फोन बारीक तुकडे करून पाठवतो. ते तुकडे टॉवरवर जातात, पुढे कुठल्या कुठे फिरून परत जोडले जातात. रेंज बरी असली तरी याला सेकंदाचा सातवा-आठवा भाग सहज लागतो. आपल्या जंगलातल्या रेंजवर पाव सेकंद किंवा जास्तही लागतो. पाव सेकंद धरू. भजनाचा मध्यम केरवा मिनिटाला १२० मात्रांनी चालला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. गुरुजींचा ठेका तुमच्याकडे पोहोचला पाव सेकंद उशिरा. तुम्ही त्याच्याबरोबर नेमकं वाजवलंत. ते परत जायला आणखी पाव सेकंद. म्हणजे गुरुजींना तुमचा हात अर्धा सेकंद, अख्खी एक मात्रा, मागे ऐकू आला. तुम्ही चुकला नाहीत आणि गुरुजीही खोटं बोलत नाहीत. दोघांचं बरोबर आहे, मधली वाट लांब आहे.

एकत्र वाजवताना आपल्याला फार तर सेकंदाचे तीस-एक हजारांश एवढा उशीर चालतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या बाईचा टाळ आपल्याला एवढ्या उशिरानं ऐकू येतो. याहून लांबच्या बाईबरोबर ताल धरणं जड जातं. म्हणूनच दिंडीत पुढच्यांचे आणि मागच्यांचे टाळ वेगळे पडतात. फोनवरचा पाव सेकंद म्हणजे तुम्ही आणि गुरुजी पंच्याऐंशी मीटर अंतरावर बसून वाजवताय.

त्यात भर अशी की बऱ्याच कॉलवर दोन्हीकडून एकदम आवाज झाला तर फोन एकाला दाबतो. त्यामुळे कॉलवर दोघांनी मिळून वाजवायचंच नाही. गुरुजींनी एक आवर्तन वाजवावं आणि थांबावं. मग तुम्ही वाजवावं, गुरुजींनी ऐकावं. आधी ऐका, मग वाजवा. लेकराला आई गाणं शिकवते ते असंच.

खोली, पाऊस आणि टिनाचं छप्पर

सगळा दोष फोनचाच असतो असं नाही. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत, समाजमंदिरात आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तुमच्या कानाला तो सवयीचा होतो, पण माईकला मूळ आवाज आणि परत आलेला आवाज वेगळे करता येत नाहीत. खोलीत धानाची पोती, अंथरूण-पांघरूण असेल तर आवाज बसतो. नसेल तर समोरच्या भिंतीला दोन गोधड्या टांगा आणि खाली सतरंजी अंथरा. टिनाच्या छपरावर पाऊस सुरू झाला तर शिकवणी पुढे ढकला. पावसाचा आवाज दाबता दाबता फोन तुमची पेटीही दाबून टाकतो. दमट हवेत खंजिरीचं आणि डग्ग्याचं कातडं सैल पडून आवाज उतरतो, हेही ध्यानात ठेवा. पावसाळ्यात आवाज बसका आला तर आधी वाद्य पाहा, मग स्वतःला बोल लावा.

मोबाईल पेटीवर ठेवू नका. भात्याची फुसफुस आणि पट्ट्यांची खटखट मोठी ऐकू येते. दोन-तीन फुटांवर, वाद्याच्या उंचीला ठेवा. बांबूच्या दोन कामट्या बांधल्या की मोबाईल उभा ठेवायचा स्टँड तयार होतो. बांबूला आपल्याकडे काय तोटा! बहुतेक फोनचा माईक खालच्या कडेला असतो. तिथे बोट किंवा कव्हर येऊ देऊ नका.

मग शिकायचं कसं?

यंत्र आवाज कापतं, ही गोष्ट आजची नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तेव्हा विजेचा माईक नव्हता. मोठ्या भोंग्यासमोर जोरात गावं लागायचं, आणि एका तबकडीत तीन-एक मिनिटांचं गाणं मावायचं. डग्ग्यासारखे जाड आवाज त्यात जवळजवळ उमटतच नसत. विजेचे माईक रेकॉर्डिंगला १९२५ च्या सुमारास आले. तरी त्या खरखरणाऱ्या तबकड्या ऐकून कित्येकांनी गाणं उचललं. त्यांना ठाऊक होतं की तबकडीत काय उमटतं आणि काय राहतं. राहिलेलं ते मैफलीत बसून भरून काढत. आपणही तसंच करू.

पहिलं, कॉल आणि धडा वेगळे ठेवा. गुरुजींनी धडा आवाज टिपून पाठवावा आणि तुम्ही तो रेंज असेल तिथे उतरवून घ्यावा. मग घरी रेंज नसली तरी चालतं. साधारण चांगल्या प्रतीचा एक मिनिटाचा आवाज एक एमबीच्या आत बसतो. पाच मिनिटांचा धडा पाच एमबी. व्हिडिओ कॉलला याच्या कितीतरी पट डेटा जातो.

दुसरं, धडा हळू करून ऐका. यूट्यूबवर वेग कमी करता येतो आणि सूर मात्र तोच राहतो. आधी अर्ध्या वेगानं, मग पाऊण, मग पूर्ण. एका कानाला इअरफोन आणि दुसरा कान आपल्या वाद्याकडे मोकळा. आवाज फार मोठा ठेवू नका, कान जपा.

तिसरं, तुमचा सराव टिपून पाठवा. कॉलवर वाजवण्यापेक्षा फोनमधल्या रेकॉर्डरवर टिपलेला आवाज बराच खरा असतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा तो मूळ आहे तसाच पोहोचतो. गुरुजींनाही सांगा की इअरफोन लावून ऐका. त्यांनी स्पीकरवर ऐकलं तर तुमचा डग्गा तिकडे हरवणार.

चौथं, हात दाखवायला व्हिडिओ आणि सूर ऐकवायला वेगळा आवाज. मनगट कसं फिरतं, भाता किती ओढायचा, बोट कुठे पडतं, हे डोळ्यांनी शिकायचं. त्यासाठी व्हिडिओ कॉल उत्तम.

पाचवं, दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी समोर बसून शिका. गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून गुरुजींना एक दिवस गावात बोलवा. गाडीभाडं वाटून घ्या. डग्ग्याचा घुमारा आणि हाताचं वजन त्या दिवशी ठरवून शिकून घ्या.

गटाच्या बैठकीत करून पाहा

पुढच्या बैठकीत तीन प्रयोग करा. एक: दोघींनी फोन लावून अंगणात पंधरा-वीस पावलांवर उभं राहा. एकीनं टाळी वाजवावी. दुसरीला टाळी आधी हवेतून ऐकू येईल, मग फोनमधून. मधलं अंतर सगळ्यांना ऐकवा. दोन: कॉलवर पेटीचा एक सूर वीस सेकंद धरा. तो कधी विरला ते पलीकडचीनं सांगावं. तीन: दादऱ्याचा ठेका टिपून आधी स्पीकरवर ऐका, मग इअरफोननं. ‘धी’ आणि ‘ती’ केव्हा वेगळे कळले? तिन्ही मिळून अर्धा तास लागेल.

हे एकदा कानांनी ऐकलं की कुणी सहज म्हणणार नाही, “हिला ताल नाही.” गटानं पेटीसाठी पैसे साठवले असतील तर त्यातले शे-दोनशे रुपये वायरच्या इअरफोनसाठी बाजूला ठेवा. आणि तुमच्यातल्या जिनं कंटाळून पेटी झाकून ठेवली आहे, तिच्या घरी हा मजकूर घेऊन जा. तिला पढंत म्हणायला लावा, तिचा सराव टिपा आणि तिलाच इअरफोननं ऐकवा. पुढच्या एकादशीच्या भजनाला वाजवायला माणूस शोधायची वेळ कदाचित येणार नाही.